गजलक्ष्मीच्या डाव्या कोपऱ्याची हकीकत

श्री.

ज्यास नमस्कार केल्यावाचून चाक फिरत नाही त्या गजवदनास नमस्कार, आणि खिंडीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची राखण करणाऱ्या घाटमाऊलीस दंडवत. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरी, भाद्रपद वद्य पंचमीस दौलतीत जो अनर्थ उघडकीस आला, आणि त्यावरून जी मसलत, जो तंटा आणि जो निवाडा जाहला, ती हकीकत पाहिली ऐकिली तैसी लिहिली आहे. दौलतीचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतकेच सांगावे की ती घाटाच्या पायथ्याशी, सडकेस लागून. तटबंदी म्हणजे तारेचे कुंपण, राजवाडा म्हणजे चार खोल्या आणि पुढे पडवी, आणि गजदळ म्हणजे एकच हत्ती. हत्ती म्हणजे मालट्रक. त्यास सोंड नव्हती, परंतु भोंगा होता, आणि कपाळावर नाव होते गजलक्ष्मी. राजे निवृत्तीराव यांनी लग्नाच्या साली ती खरेदी केली आणि नव्या राणी सगुणाबाईसाहेब यांस माहेराहून तिच्याच केबिनीत बसवून आणिले. येणेप्रमाणे दोघी एकाच दिवशी दौलतीत आल्या. एकीने माप ओलांडले आणि दुसरीने कुंपणाचा खांब पाडिला. राजे खाली उतरून म्हणाले, "डावा कोपरा लागला. ती बाजू मला इथून दिसतच नाही." तेव्हा नवी नवरी, अंगावरची हळद अजून ओली, डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ती बाजू देवाने बघावी." आणि तिने ओटीतला नारळ काढून गजलक्ष्मीच्या त्याच कोपऱ्यावर फोडिला. त्या दिवसापासून रीत पडली.

रीत ऐसी. गजलक्ष्मी मोहिमेवर निघाली म्हणजे राणीसाहेबांनी पुढे व्हावे, आणि बंपरच्या वर, जेथे केबिनीचा पत्रा वळून पायरीस मिळतो, त्या डाव्या कोपऱ्याच्या धारेवर नारळ फोडावा, आणि पाणी वाया न घालविता पत्र्याच्या फटीत सोडावे, की गाडीने प्यावे. मग खोबऱ्याचा एक तुकडा हळदीकुंकवात बुडवून त्याच फटीत खोचावा, की गाडी उपाशी जाऊ नये. आणि तो कोपरा परत येईतो कोणी धुवायचा नाही, की आशीर्वाद वाहून जाईल. ही एक रीत. दुसरी रीत राजांची. दर दसऱ्यास गाडीस नवा रंग द्यावयाचा, तो जुन्या रंगावरच. बाकी गाडी गडीमाणसांनी रंगवावी, परंतु डावा कोपरा राजांनी स्वहस्ते, भोवती ताडपत्री बांधून, आत एकट्याने बसून रंगवावा. त्या वेळी कोणी आत डोकावले तर राजे ऐसे ओरडत की झाडावरचे कावळे उडत. राणीसाहेब बाहेर चहाचा कप घेऊन उभ्या राहत आणि मनात म्हणत, हा माणूस जन्मात कधी दोन शब्द गोड बोलला नाही, पण माझा कोपरा तेवढा दुसऱ्याला रंगवू देत नाही. आणि त्या एका विचारावर त्यांचे अख्खे वर्ष निघे. मग राजांचे गुडघे गेले, युवराज हिंदुराव मोठे जाहले आणि चाकावर बसले. नारळ चालू राहिला, आणि ताडपत्रीही चालू राहिली.

तर पंचमीच्या दिवशी, पितृपंधरवडा चालू असता, युवराज खताची पोती पोहोचवून दुपारी परत आले. राणीसाहेब भाकरतुकडा ओवाळून टाकावयास पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. दिवाण गोपाळपंत, दौलतीच्या पावत्या सांभाळणारे, देह भारी आणि पाऊल त्याहून भारी, ते युवराजांकडून कागद घ्यावयास डाव्या पायरीवर चढले. एक पाय ठेविला. दुसरा उचलिला. तोच कर्रर्र ऐसा नाद जाहला, आणि दिवाण गुडघ्यापर्यंत पायरीच्या आत गेले. चप्पल खाली जमिनीवर पडली, पाय मध्ये अडकला आणि धड वर राहिले, ऐसी पंतांची तीन ठिकाणी वाटणी जाहली. पंतांचा चेहरा पिठासारखा पांढरा; ते खिडकीचा आरसा दोन्ही हातांनी धरून पुसते जाहले, "वहिनीसाहेब, मी आत आहे की बाहेर?" युवराज म्हणाले, "अर्धे अर्धे, पंत." राणीसाहेब ओरडल्या, "हलू नका! कातडं सोलून निघेल! अरे हिंदू, दात काय काढतोस, धर त्यांना!" मग युवराजांनी बगलेत हात घालून पंत उपसून काढिले, आणि त्यांच्यामागून त्या भगदाडातून तांबडा चुरा, कोंडा सांडावा तैसा, भसाभसा खाली आला आणि थांबेना. राणीसाहेबांच्या हातातला तांब्या पडला. जी बाजू त्यांनी रोज जवळून पाहिली, जीस रोज हात लावून तो हात कपाळास लावला, ती आतून भुसा जाहली होती. आणि पडवीत बाकावर बसलेले राजे, ज्यांस गलका ऐकू आला होता, त्यांनी "कोणाचा पाय?" ऐसे न विचारता "कोणती पायरी?" ऐसे विचारिले. "डावी" ऐकताच त्यांनी डोळे मिटून घेतले. हे राणीसाहेबांनी पाहिले; परंतु त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही.

दुसरे दिवशी कासम उस्ताद यांस पाचारण जाहले. उस्ताद म्हणजे सडकेपलीकडचे पत्र्याचे कारागीर. हातात हातोडी, गालात पान, आणि जगातील प्रत्येक गोष्ट आपण आधीच सांगितली होती ऐसे म्हणण्याची जुनी सवय. त्यांनी उजवीकडे हातोडी मारिली, ठण्ण वाजले. मागे मारिली, ठण्ण वाजले. डावीकडे मारिली, तो गादीवर बुक्की मारावी तैसा आवाज आला. मग उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन डाव्या दारालगतच्या पत्र्यास नुसता टेकविला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आत युवराज आपल्या जागेवरून डावीकडे सरकून बसले होते, ते किंचाळले, "उस्ताद! मांडीला लागतंय!" बाहेरून टोचले ते आत राणीसाहेबांच्या पोरास लागले. मध्ये काहीच नव्हते. उस्ताद पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन म्हणाले, "भाभी, हा पत्रा नाही. हा रंगाचा पापड आहे. मी तर कधीपासून सांगतोय." "मला कधी सांगितलंत?" "तुम्हाला नाही, मी आपला सांगत असतो. पण ऐका. उद्या घाटात एखाद्या टेम्पोने नुसता खांदा मारला ना, तर ही केबिन मिटेल. छत्री मिटते तशी. पोरासकट." हे ऐकोन गजलक्ष्मीस जागचे हलवू नये ऐसी आज्ञा जाहली, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन कोणत्या केबिनीतून करावे, या केबिनीस ठिगळे मारून की सगळीच बदलून, हा प्रश्न उभा राहिला.

पितृपंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये ऐसी चाल आहे; परंतु वाद घालू नये ऐसे कोठे लिहिलेले नाही, म्हणोन पडवीत दरबार भरला. युवराजांचा पक्ष बदलीचा. "आबा, भंगारबाजारात याच मॉडेलची केबिन आहे. उस्तादांनी बघून ठेवलीय. निब्बर पत्रा. जुनी काढायची, ती बसवायची, विषय संपला." राजांचा पक्ष दुरुस्तीचा. "काही नको. ठिगळ मारा. डावीकडचं मी बघतो." "तुम्ही काय बघणार आबा? तुम्हाला खाली बसता येत नाही." "दसऱ्याला बसतो की!" पंत आजवर जन्मभर दुरुस्तीच्या पक्षात, दौलतीत झाडू मोडला तरी त्यास दोरी बांधावी या मताचे. परंतु त्या दिवशी गुडघ्यास हळद बांधून बाकावर पाय लांब करून बसले होते, ते म्हणाले, "बदला. जी वस्तू कारभाऱ्याला गिळते, तिची दुरुस्ती कसली?" मग सर्वांनी राणीसाहेबांकडे पाहिले. राणीसाहेब खांबास टेकून उभ्या, नजर गजलक्ष्मीवर. म्हणाल्या, "दुरुस्ती." युवराज उठोन उभे राहिले. "आई! तू पण? कालच तर मांडीला—" "बस खाली. या केबिनीने तुझ्या आबांना रोज घरी आणलं. दरड कोसळली तेव्हा आणलं, ब्रेक गेला तेव्हा आणलं. तिला सवय आहे. नव्या केबिनीला काय माहीत, तुला परत आणायचं असतं म्हणून?" "आई, परत मी येतो. स्टिअरिंग मी धरतो." "तुला वाटतं तसं," ऐसे राणीसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका हळू निघाला की युवराज खाली बसले.

उस्ताद हे सर्व ऐकत पान चघळत होते. दोन्ही पक्षांचे काम त्यांच्याच दुकानी जाणार, म्हणोन त्यांचा चेहरा शांत. ते म्हणाले, "दुरुस्ती करू. का नाही करायची? पण ठिगळाला धरायला चांगला पत्रा लागतो. शिवायला कापड नको का? डावीकडे हातभर खरा पत्रा दाखवा, मी उद्या वेल्डिंग करतो. नाही दाखवता आला, तर मला बोलायचं नाही." "मग शोधा," राणीसाहेब म्हणाल्या. "सगळा रंग खरवडा." राजे बाकावरून अर्धे उठले. गुडघे वाजले. "सगळा खरवडा, पण तो कोपरा नाही. त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही कोणी." एवढ्या गोंधळात हा माणूस आपला कोपरा धरून बसला आहे, ऐसे राणीसाहेबांस वाटले. आणि ज्या कोणी हा नाश केला त्याचा संताप दुप्पट जाहला. मग संशयितांची मोजदाद जाहली. उस्ताद म्हणाले, खत. खताची पोती पत्रा खातात. पंत म्हणाले, मीठ. कोकणातून मिठाच्या खेपा आणल्या ते वर्ष आठवा. राजे म्हणाले, पाऊस. कोणी म्हणाले, युवराज गाडी चिंचेखाली लावतात आणि वरून आंबट पडते. युवराज म्हणाले, "हां, आता चिंचसुद्धा माझ्याच अंगावर." तेव्हा राणीसाहेब केबिनीत चढून, काचेजवळ लावलेल्या घाटमाऊलीच्या तसबिरीवर हात ठेवून, सर्वांदेखत बोलल्या जे, "ज्याच्यामुळे माझ्या पोराच्या अंगावरचा पत्रा गेला, तो खत असो की माणूस, सापडू दे. माणूस असला, तर त्याचा हात पुन्हा या गाडीला लागणार नाही. आईची आण." ऐसी शपथ जाहली. राजांनी हाताची बोटे तोंडावर धरिली. पंतांस वाटले जांभई आली.

एकादशीस खरवडण्यास आरंभ जाहला. गजलक्ष्मी अंगणाच्या मधोमध होती तेथेच ठेविली, उस्ताद आणि त्यांचे दोन कारागीर पट्टे घेऊन भिडले, आणि रंगाचे एकेक पूट निघू लागले. वर शेंदरी, त्याखाली हिरवा, त्याखाली आकाशी, त्याखाली पुन्हा शेंदरी. ऐसे दसरे उलटे मोजले जाऊ लागले. राणीसाहेब पाट मांडून समोर बसल्या. बरीच पुटे गेल्यावर पुन्हा हिरवा निघाला तेव्हा म्हणाल्या, "हिंदू शाळेत घातला ते वर्ष." त्याखालचा आकाशी निघाला तेव्हा म्हणाल्या, "माझी सासू गेली ते." उजवी बाजू खरवडून जाहली, पत्रा लख्ख. पाठ खरवडली, लख्ख. टपावर थोडा तांबडेपणा, परंतु हातोडी मारिता ठण्ण. मग डावे दार. तेथे चमत्कार दिसला. गंज खालून वर चढला नव्हता, की टपावरून खाली ओघळला नव्हता. सारा गंज एका दिशेने, पुढच्या कोपऱ्याकडून मागे पसरत आला होता, जैसी झाडाची मुळे एका खोडापासून निघतात तैसा. उस्तादांनी चघळणे थांबविले. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढिला, जुन्या रेडिओच्या कर्ण्यातला, काळा, वाटीएवढा. तो उजव्या बाजूस लाविला, चिकटला. ओढून काढावा लागला. दारास लाविला, चिकटला. कोपऱ्याजवळ आणिला, थोडा धरला. कोपऱ्यास लाविला आणि हात काढिला, तो चुंबक सरळ खाली पडला. पुन्हा लाविला. पुन्हा पडला, तो पंतांच्या चांगल्या पायाजवळ. पंतांनी तोही पाय बाकावर घेतला. युवराज हळूच म्हणाले, "उस्ताद, तिथे लोखंडच नाही?" उस्ताद पडवीकडे पाहू लागले, जेथे राजे बसले होते, आणि राजे आकाशाकडे पाहू लागले, जेथे काही नव्हते.

राणीसाहेब उठल्या. पदर खोचिला. म्हणाल्या, "कोपरा फोडा." राजे ओरडले, "नाही म्हटलं ना!" परंतु या वेळी एकही कावळा उडाला नाही. उस्तादांनी छिन्नी ठेविली आणि हातोडी मारिली. रंगाचे जाड कवच, वीतभर रुंद, एकाच तुकड्यात निखळले. त्याखाली पुट्टी. पुट्टीखाली सिमेंट. होय, सिमेंट, भिंतीस लावतात ते. ते पाहोन उस्तादांच्या कारागिरांनी कानांस हात लाविले. सिमेंट फोडिले, त्याखाली कापडाची घडी, सिमेंट धरून राहावे म्हणोन आत ठासलेली. आणि कापडास जरीचा बारीक काठ. आणि त्या कापडाच्या मागे पोकळी. पोकळीत उस्तादांनी हात घातला आणि एकेक जिन्नस बाहेर काढोन जमिनीवर मांडिला. करवंटीचे तुकडे. काळे पडलेले खोबरे. कुजून ओले राहिलेले काथ्याचे पुंजके, पिळले तर पाणी निघेल ऐसे. हळदीचे खडे. आणि शेवटी मूठभर तांबडा लगदा, ज्यात कुंकू कोठे संपते आणि गंज कोठे सुरू होतो हे कोणास सांगता येईना. उस्तादांनी मान खाली घातली. पंत पावत्या चाळू लागले, ज्या त्यांच्या हातात नव्हत्या. युवराजांनी आईकडे एकदा पाहिले आणि मग सडकेवरच्या रहदारीकडे पाहात उभे राहिले. राणीसाहेबांस प्रथम वाटले, कोणी करणी केली. मग त्यांनी एक करवंटी उचलून पाहिली. मग फटीकडे पाहिले. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. कोणी सांगावे लागले नाही. गाडीस पाजलेले प्रत्येक पाणी, भरविलेला प्रत्येक घास, न धुतलेला प्रत्येक आशीर्वाद, सारे तेथेच बसून होते आणि आतल्या आत पत्रा खात होते. शपथ तोंडातून निघाली होती, तसबीर ऐकत होती, आणि गुन्हेगार पाटावरून उठून उभा होता. त्या मट्कन पाटावर बसल्या.

मग त्यांची नजर त्या कापडावर पडली. त्यांनी ते झटकून उलगडिले. "हे धोतर कुणाचं?" ऐसे विचारिले. कोणाचे ते साऱ्या दौलतीस ठाऊक होते, लग्नातले, जरीकाठी. राजे काठी टेकीत अंगणात आले. म्हणाले, "माझं." "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?" "हिंदू रांगत होता तेव्हा पहिलं भोक पडलं. बोटाएवढं. तेव्हा पुट्टीने भागलं." "आणि सिमेंट?" "ते पुढं." "पुट्टी कुणाकडून आणायचात?" राजांनी काही म्हणावयाच्या आधी उस्ताद म्हणाले, "भाभी, मी दुकानदार माणूस. गिऱ्हाईक मागतं, मी देतो. विचारत नाही कशाला." "तुम्ही तर खत म्हणालात ना?" उस्तादांनी पान थुंकावयाच्या निमित्ताने कुंपण गाठिले. राणीसाहेब राजांकडे वळल्या. "मला का नाही सांगितलं? एक शब्द. एवढ्या वर्षांत एक शब्द?" राजे म्हणाले, "काय सांगणार? नारळ फोडू नकोस म्हणून? मी घाटात असताना तू त्या नारळाच्या भरवशावर निजायचीस. मला ठाऊक होतं. आणि मी तरी कशाच्या भरवशावर उतरायचो? उतारावर गाडी ओढायला लागली की मी डावीकडे बघायचो. दिसायचं काही नाही. पण आहे असं वाटायचं." हे ऐकोन पंतांनी उपरण्याने नाक शिंकरिले. राजांच्या तोंडून एवढे शब्द एका दमात निघालेले दौलतीत कोणी ऐकिले नव्हते, आणि ताडपत्रीआड काय चालत होते हे आज उमगले. राणीसाहेबांच्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी एकदम आल्या. एक ऐसी, की हा माणूस दर दसऱ्यास खरोखरच माझ्यासाठी बसत होता. आणि दुसरी आली, तिने पहिलीस धक्का मारून बाजूस केले. त्यांचा चेहरा पालटला. "तुम्ही बसत होतात तोवर ठीक," त्या म्हणाल्या. "तुमचा जीव, तुमचं धोतर. पण पोराला बसवलंत तेव्हा? माझ्या पोराला सिमेंटमागे बसवलंत?" राजांनी काठीचे टोक धुळीत फिरविले. युवराज म्हणाले, "आई, जाऊ दे." "काय जाऊ दे? तू गेला असतास ना त्यातनं!" आणि ऐसे म्हणता म्हणता राणीसाहेबांस कळून आले की सिमेंट जरी राजांचे, तरी भोक आपले. मग त्यांनी ते धोतर घडी करून काखेत धरिले, आणि घरात गेल्या. त्या दिवशी अंगणातला पसारा कोणी उचलिला नाही.

सर्वपित्री अमावस्येपर्यंत दौलतीत हळू आवाजात कारभार चालला. राजाराणी एकाच पंगतीस जेवीत, परंतु मीठ मागावयाचे तर पंतांमार्फत. घटस्थापनेच्या सकाळी राणीसाहेब पडवीत आल्या आणि निवाडा सांगितला जे, केबिन बदलावी. सगळी. आजच आणावी. ठिगळ नको. राजांनी मान डोलाविली. त्यांचा पक्ष एकादशीसच संपला होता. पुढे राणीसाहेब म्हणाल्या, "मी आण घेतली ती घेतली. माझा हात गाडीला लागणार नाही. यांचाही लागणार नाही. ब्रश नाही की बोट नाही. हिंदू चालवेल, उस्ताद बघतील, आणि धुवायची रोज. कोपऱ्यासकट." युवराजांस आनंद व्हावा तो जाहला नाही. ते म्हणाले, "आणि नारळ?" "नारळ नाही." "आई, मी कधी नारळाशिवाय गेलो नाही." "मग आता जा. स्टिअरिंग तू धरतोस ना?" युवराज ओशाळून गाडीकडे गेले. ज्या पक्षासाठी ते भांडले तो जिंकला होता, आणि जिंकलेल्या पक्षाच्या पुढाऱ्यास त्या दिवशी जेवण गेले नाही. कटरने जुनी केबिन उतरविली तेव्हा राणीसाहेब बाहेर आल्या नाहीत. फक्त भंगाराची हातगाडी निघाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारिली, "उस्ताद! तो कोपरा तेवढा ठेवून जा. बाकी न्या." उस्तादांस वाटले, आठवण म्हणोन. पंतांस वाटले, पुरावा म्हणोन. ठेविला.

मग विजयादशमी आली. नवी केबिन चढलेली, पत्रा निब्बर, रंग साधा पांढरा, आणि डाव्या अंगास मोठा आरसा. झेंडूचे तोरण पंतांनी बांधिले, तेही जमिनीवर उभे राहून, पायरीकडे न जाता. युवराज चाकावर बसले. सामान भरलेले, घाट पुढे, सीमोल्लंघनाची वेळ. किल्ली फिरविली, भोंगा दिला, आणि गाडी हलेना. युवराजांनीच हलविली नाही. ते घराच्या दाराकडे पाहात बसले. दारात राणीसाहेब उभ्या होत्या, आणि हातात, सर्वांनी पाहिले, नारळ होता. पंत मनात म्हणाले, आण मोडणार? घाटमाऊलीची? राजे बाकावरून उठले. राणीसाहेब पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडिले, गजलक्ष्मीच्या डाव्या अंगाने आल्या, कोपऱ्यापाशी आल्या, हात वर केला, उस्ताद "भाभी!" ऐसे ओरडले, आणि राणीसाहेब तशाच पुढे गेल्या. गाडीस पदरसुद्धा लागू दिला नाही. फाटकाशी, जेथे लग्नाच्या दिवशी पाडलेला खांब होता, तेथे त्यांनी दगड रचवून त्यात जुना कोपरा उभा केला होता, गंजका, फाटका, भोकासकट. त्याच्या धारेवर नारळ फोडिला. पाणी त्या भोकात ओतिले. खोबरे हळदीकुंकवात बुडवून खोचिले. आणि म्हणाल्या, "घे. आता गंज, किती गंजायचंय ते." मग युवराजांकडे वळून म्हणाल्या, "डावी बाजू दिसते का रे?" "दिसते आई. मोठा आरसा आहे." "दिसू दे. तरी पण." गाडी सुटली. राजे हळूहळू काठी टेकीत फाटकापर्यंत आले आणि राणीसाहेबांशेजारी उभे राहिले. धूळ बसली. मग राणीसाहेब म्हणाल्या, "संध्याकाळी भजी करू का?" आणि हे वाक्य पंतांमार्फत नव्हते.

येणेप्रमाणे दुरुस्तीचा पक्ष हरला, बदलीचा जिंकला, पंतांचा पाय वाचला, चप्पल गेली, आणि युवराज ठरल्या वेळी परत आले व येत असतात. शपथ मोडली नाही. फाटकातला कोपरा दिवसेंदिवस झिजत चालला आहे. तो पुरता संपल्यावर काय करावे याची मसलत अद्याप बसलेली नाही. मात्र कार्तिकात एके सकाळी गाडी निघावयाच्या वेळी राणीसाहेब नारळ घेऊन फाटकाशी गेल्या आणि थबकल्या. कोपऱ्यास ताजा शेंदरी रंग होता, आणि भोकात पुट्टी. भोवतीची ताडपत्री काढावयाची राहून गेली होती. पडवीत राजे वर्तमानपत्र उलटे धरून वाचीत होते. राणीसाहेबांनी पत्र्यास बोट लावून पाहिले, बोटास शेंदरी लागले. मग त्यांनी युवराजांस सांगितले, "थांब जरा. वाळू दे." इति.